सेन्सर नेमकं काय मोजतो? हात हलवून खेळायच्या गेम्सचा धडा

"स्वस्तातला मोशन सेन्सर वापरून हालचालींवर प्रोजेक्ट करता येईल का?" हा प्रश्न ज्युनियर्सकडून बऱ्याचदा येतो. येईल की! पण आधी व्हिडिओ गेम्सकडे बघूया.

२००६ साली निन्टेन्डोचा 'वी' आला. त्याच्या रिमोटमध्ये अ‍ॅक्सेलेरोमीटर होता आणि पुढच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा. गंमत म्हणजे टीव्हीपाशी ठेवायच्या 'सेन्सर बार'मध्ये सेन्सर नव्हताच, नुसते इन्फ्रारेड दिवे होते. ते दिवे बघून रिमोट कुठे रोखलाय हे कळायचं. बटणं पाठ करायची गरज नाही. ज्यांनी कधी गेम खेळला नाही तेही हात फिरवून बोलिंग खेळू शकत. हे या तंत्राचं मोठं बळ.

आता मर्यादा. अ‍ॅक्सेलेरोमीटर त्वरण मोजतो, स्थान नाही. स्थान काढायला दोनदा इंटिग्रेशन करावं लागतं. समजा, सेन्सर सतत फक्त ०.०१ मी/से² ने चुकतोय. १० सेकंदांनी स्थानातली चूक किती? ½ × ०.०१ × १०० = ०.५ मीटर. चक्क अर्धा मीटर! शिवाय रिमोट तिरका झाला की गुरुत्वाकर्षणही त्याच आकड्यात मिसळतं. म्हणून २००९ मध्ये 'मोशनप्लस'मधून जायरोस्कोप जोडला गेला.

२०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'किनेक्ट'ने रिमोटच काढून टाकला. इन्फ्रारेड ठिपक्यांची नक्षी समोर टाकून तो खोली मोजायचा आणि त्यावरून सॉफ्टवेअर सांधे कुठे आहेत ते ठरवायचं. पण हात पाठीमागे गेला की उरतो तो अंदाज. कडक उन्हात तर ठिपकेच हरवतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एम.एस्सी.ला फोनच्या अ‍ॅक्सेलेरोमीटरवरून हाताचा मार्ग काढायला बसलो होतो. टेबलावर निवांत पडलेला फोन माझ्या ग्राफमध्ये खोलीबाहेर निघून गेला! दोन महिने कोडमधली चूक शोधत होतो. शेवटी गाईडनी एकच विचारलं, "हे यंत्र मोजतं काय?"

तेव्हापासून वहीत दोन रकाने करतो: 'मोजलेलं' आणि 'त्यावरून काढलेलं'. व्यायामाच्या फेऱ्या मोजायच्या असतील तर स्वस्त सेन्सर बहुतेक वेळा पुरतो. गुडघ्याचा कोन अचूक हवा असेल, तर आधी प्रमाणित उपकरणाशी ताडून बघा. तुमच्या प्रोजेक्टचा मुख्य आकडा कुठल्या रकान्यात बसतो, हे सिनॉप्सिस लिहिण्याआधीच तपासा.