चहापत्तीची धुरी : चव वाढते, टिकाऊपणा नव्हे



चुलीच्या वर टांगलेली बियाण्याची कणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. धुराने ती काळी पडत, पण पुढच्या पेरणीपर्यंत त्यांना सहसा कीड लागत नसे. धुराचा हा गुण आपल्या आजी-पणजीला चांगला ठाऊक होता. धुराची चवही आपल्याला नवी नाही. पाहुणे आले म्हणजे कोंबडीच्या रश्शात मधोमध वाटी ठेवायची, तीत पेटता निखारा टाकायचा, वर तुपाची धार सोडून लगेच झाकण घालायचे, ही धुंगार देण्याची रीत पुष्कळ घरांत आहे.

याच रीतीची एक लांबची बहीण चीनमध्ये आहे. तिथल्या सिचुआन प्रांतात बदकाचे मांस चहापत्ती आणि कापराच्या झाडाच्या पानांच्या धुरावर धरतात, मग वाफवून तळतात. आपल्याकडे बदक नसले तरी कोंबडी आहे आणि चहापत्ती तर प्रत्येक घरात आहे. दोन-तीन चमचे पत्तीत पाहुणचाराला वेगळी चव येते. पण ती करण्यापूर्वी माझी एक चूक ऐका.

माझी चूक

सुमारे ३० वर्षांपूर्वी, नोकरीत नवा असताना, मेहकर तालुक्यातील एका गावी महिलांच्या बैठकीत मी मोठ्या ऐटीत सांगितले, "धुरी दिलेले मटन दोन दिवस सहज टिकते." मे महिना होता. एका माउलीने माझ्यावर विश्वास ठेवून धुरी दिलेली कोंबडी रात्रभर आणि दुसरा दिवसभर झाकून ठेवली व संध्याकाळी गरम करून वाढली. रात्री घरातील पाचही माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले. धाकट्या लेकराला सलाईन लावावे लागले. सर्वजण बरे झाले, पण त्या माउलीने मला विचारलेला प्रश्न अजून आठवतो : "साहेब, तुम्हीच तर म्हणाले होते ना?"

चुकले कुठे? कणसे टिकत, कारण ती वाळलेली असत. आठवडी बाजारात येणारे सुकट, बोंबील मीठ-उन्हाने वाळवलेले असतात. लक्षद्वीप बेटांवर कुपा मासा उकडून, धुरावर धरून, उन्हात पार लाकडासारखा वाळवतात. त्याला मासमीन म्हणतात. तो महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे टिकवण्याचे मुख्य काम पाणी काढून टाकण्याने होते. धूर फक्त हातभार लावतो. दहा मिनिटांच्या धुरीने मांसातील पाणी जात नाही. धुराचा थर वरच्या वर राहतो, आत जंतूंना मोकळे रान असते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपला उन्हाळा नेमका त्यातच बसतो. काही जंतूंचे विष तर पुन्हा उकळूनही जात नाही. शिवाय धुराच्या वासाने नासल्याचा वास झाकला जातो, हा आणखी धोका.

कृती

एक किलो कोंबडीला मीठ, हळद, आले-लसूण लावून ती आधी पूर्ण शिजवून घ्या. हाडाजवळचा भाग गुलाबी राहता कामा नये. मग तुकडे निथळून फडक्याने कोरडे करा. ओल्या तुकड्यांवर धूर बसला की चव कडवट, आंबूस लागते.

जुन्या लोखंडी कढईत जेवण गुंडाळायचा चंदेरी कागद अंथरा. त्यावर अर्धी वाटी कच्चे तांदूळ, दोन मोठे चमचे कोरडी चहापत्ती आणि दोन मोठे चमचे साखर किंवा चुरलेला गूळ मिसळून पसरा. वर जाळी बसवून तिच्यावर तुकडे ठेवा. धूर निघू लागला की घट्ट झाकण लावून मंद आचेवर दहा मिनिटे ठेवा. नंतर आच बंद करून झाकण न उघडता आणखी दहा मिनिटे थांबा. तुकड्यांना सोनेरी-तांबूस रंग येतो. मग ते रश्शात घाला किंवा तव्यावर परतून खा.

एवढा खटाटोप नको असेल तर नेहमीच्या धुंगाराच्या निखाऱ्यावर तुपासोबत चिमूटभर पत्ती टाका. झाकण पाच मिनिटे पुरे.

हे सांभाळा

गाळून उरलेला चोथा वापरू नये. तो ओला असल्याने वाफच जास्त होते. त्याची जागा उकिरड्यावर.

पत्ती शुद्ध आहे का ते पाहा. टिपकागदावर थोडी पत्ती पसरून पाणी शिंपडा. थोड्या वेळाने पत्ती काढा, कागद धुऊन उजेडात धरा. रंगाचे डाग दिसले तर पत्तीत भेसळ समजावी.

धुरीसाठी पऱ्हाटी कधीही वापरू नका. कपाशीवर हंगामभर औषधे फवारलेली असतात. रंग दिलेले लाकूड, प्लॅस्टिक, रॉकेल यांचा धूरही अन्नाला लागू देऊ नये. निखाऱ्यावर चरबी गळून काळा धूर निघू लागला तर निखारा बदला. तुकड्यावर काजळी बसली तर तेवढा भाग काढून टाका.

हे काम दारे-खिडक्या उघडून किंवा पडवीत करावे. बंद खोलीतील कोळशाच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो. लहान मुले आणि गरोदर बाई यांना दूर ठेवावे.

आणि शेवटचे : धुरीची कोंबडी त्याच जेवणात संपवा. दोन तासांपेक्षा, आणि उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त वेळ ती बाहेर ठेवू नका. फ्रीज असेल तर लगेच आत ठेवा व दुसऱ्या दिवशी खळखळून उकळून खा. फ्रीज नसेल तर एक वेळ पुरेल एवढेच शिजवा.

त्या माउलीच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच. धुरी चवीसाठी द्या, साठवणीसाठी नको.