20 टनी प्रेस: घरी बनवायचा की आयता घ्यायचा?

वेल्डिंग मशीन हाताशी असेल आणि भंगारात बरं सी-चॅनेल मिळत असेल, तर हायड्रॉलिक प्रेस खुशाल घरी बनवा. सगळंच नवं आणावं लागणार असेल तर आयता घ्या, पैसे फारसे वाचत नाहीत.

जॅक हा यातला सोपा भाग, खरी परीक्षा वरच्या बीमची. दोन खांबांत 600 मिमी अंतर आणि मध्यावर 20 टन जोर धरला, तर 100 मिमीच्या दोन चॅनेलवर साधारण 400 मेगापास्कल ताण येतो. माइल्ड स्टील 250 च्या आसपासच कायमचं वाकतं! 150 मिमीचे दोन चॅनेल घेतले की तोच ताण 140-145 वर येतो. इथे काटकसर नकोच.

बॉटल जॅक उलटा टांगू नका, साधे जॅक तसे तेल ओढत नाहीत. तो सरकत्या प्लेटवर उभाच ठेवायचा. दांडा वरच्या बीमला रेटतो, प्लेट खाली जाते आणि जोर सोडला की दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा तिला वर खेचतात.

आयता घेताना प्रेशर गेज आहे का बघा. काटा चढतोय पण बेअरिंग हलत नाही, म्हणजे आत सर्क्लिप राहिली असू शकते. आणि पॅकिंगला कास्ट आयर्नचा तुकडा कधीच नको, तो न वाकता फुटून उडतो.