कागदी मिग-२१ व प्रमाणाचे गणित

महागाव तालुक्यातील एका शाळेत, गुणोत्तर-प्रमाणाच्या पाठास जोड म्हणून, इयत्ता सातवीकडून आम्ही मिग-२१ या लढाऊ विमानाची कागदी प्रतिकृती करविली. हे विमान १९६३ साली भारतीय वायुदलात आले व २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स कारखान्यात त्याची बांधणी होत असे, हे सांगताच मुलांना ते आपले वाटू लागते.

छापील आराखडे कापून चिकटविणे सोपे खरे. परंतु त्यात मोजमाप दुसऱ्याने केलेले असते. म्हणून आराखडा मुलांनीच काढावा.

प्रमाण १:५० घ्यावे. दोन्ही पंखांचा मिळून विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे कागदावर १४.३ सें.मी. होतो. धडाशी काटकोनात रेषा काढल्यास पंखाची पुढील कड तिच्यापासून ५७ अंशांनी मागे झुकलेली असते. येथे एका चुणचुणीत मुलीने ५७ लाही ५० ने भागले. पंख फळीसारखा आडवा झाला! "कोन बदलत नसतो," असे घाईने सांगून मी पुढे गेलो. तिने मान डोलाविली. दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा तोच भागाकार होता. चूक माझी होती. मग फळ्यावरचा मोठा गुण्या व तिच्या कंपासपेटीतील लहान गुण्या तिच्याच हातांनी कोपऱ्यावर कोपरा ठेवून पाहावयास लावले. बाजू लहान-मोठ्या, कोपरा तोच. तिने भागाकार स्वतःच खोडला.

क्षेत्रफळाचे कोडे याहून अवघड आहे. खऱ्या पंखांचे क्षेत्रफळ २३ चौ. मीटर, धडाखालील भाग धरून. आलेखकागदावर मध्यरेषेशी सुमारे १२ सें.मी. व टोकाशी सुमारे ९ मि.मी. रुंद असा पंख काढून चौकटी मोजाव्या. सुमारे ९२ चौ. सें.मी. भरतात. २३ ला ५० ने भागणाऱ्यांचे उत्तर ४६०० येते! लांबी ५० ने घटली व रुंदीही ५० ने घटली, म्हणून भाजक २५००, हे चौकटी मोजल्यावर मुलेच बोलून दाखवितात.

पंखांस जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद व चिकटविण्यास मैद्याची खळ पुरते. धडाकरिता अडीच सें.मी. व्यासाची नळी वळावी. कागदाची पट्टी किती रुंद कापावी, हे आधी विद्यार्थ्यांस विचारावे, आणि चिकटविण्याकरिता अर्धा सें.मी. जास्त ठेवण्यास विसरू नये.