जाळाचा हिशेब

गुऱ्हाळाच्या चुलवाणात उसाचं चिपाड जळतं तेव्हा त्यातली किती उष्णता खरोखर गूळ होण्याच्या कामी येते? मुंबईच्या आयआयटीतल्या सरदेशपांडे, शेंडगे आणि पिल्लई या संशोधकांनी चार कढयांच्या एका गुळाच्या भट्टीवर मोजमाप करून या प्रश्नाचं उत्तर शोधलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार १०० पैकी फक्त २९ भाग. उरलेल्या ७१ भागांतला मोठा वाटा धुराड्यातून वर जातो, आणि त्याखालोखाल भट्टीच्या भिंती तापवण्यात खर्च होतो.

हा प्रश्न महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या गुऱ्हाळांनाही लागू आहे. कागल सोडून कोगनोळीचा नाका ओलांडला की निपाणी लागते. वेदगंगा आणि दूधगंगेच्या पाण्यावरचा हा पट्टा. पुढं संकेश्वर, हिरण्यकेशीच्या काठचं. दसरा-दिवाळी सरली की या भागात उसाला कोयता लागतो. बहुतेक ऊस कारखान्यांकडं जातो, काही अजून गुऱ्हाळाच्या वाटेनं जातो. राज्याची हद्द मधून गेली तरी गुऱ्हाळाची रीत दोन्हीकडं एकच आहे. रस उकळायची तीच काहील, तेच चुलवाण, तोच ३० किलोचा रवा. कोल्हापूरच्या बाजारपेठेला शाहू महाराजांच्या काळापासून गुळाची पेठ म्हणून नाव आहे, आणि कर्नाटकातला गूळही त्या बाजारात वर्षानुवर्षं येतो. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. चुलवाणातला जाळ मात्र ते मानांकन ओळखत नाही. हद्दीच्या अलीकडं असो वा पलीकडं, तो तसाच जळतो आणि तसाच वाया जातो.

गुऱ्हाळावर दोन माणसं महत्त्वाची. काहिलीपाशी उभा असतो तो गुळव्या, आणि खाली चुलवाणाच्या तोंडाशी बसतो तो जळव्या. चरकातून आलेला रस काहिलीत पडतो. हलका जाळ लागला की हिरवट-काळपट मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. रस निवळावा म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात आणि आंबटपणा मोडायला बेतानं चुना. मळी निघाली की जाळ वाढवायचा. आता काम पाणी उडवण्याचं. काहील खळखळते, फेस काठापर्यंत चढतो आणि वाफेनं छप्पर दिसेनासं होतं. रस घट्ट होत गेला की बुडबुडे मोठे आणि जड होतात, त्यांचा आवाजही बदलतो. काकवी हवी असेल तर १०५-१०६ अंशांवर थांबावं लागतं, घट्ट गुळाला ११८ ते १२० अंशांपर्यंत जावं लागतं. गुळव्याकडं तापमापक नसतो. तो उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी करतो आणि ताटलीवर आपटून आवाज ऐकतो. गोळी ठणकन वाजली की काहील उतरवायची. या घडीला दोन-तीन अंशांची चूक झाली तर गूळ एकतर बसत नाही किंवा करपून काळा पडतो. म्हणून शेवटच्या काही मिनिटांत वरून एकच हाक ऐकू येते, ‘जाळ आवर रं!’

या हाकेपर्यंतचा सगळा वेळ जळव्याच्या हातात असतो, आणि जाळाचा हिशेब तिथंच जमतो किंवा बिघडतो.

आकडे साधे आहेत. १०० किलो ऊस गाळला की साठ-पासष्ट किलो रस निघतो. त्या रसातून दहा-अकरा किलो गूळ होतो. म्हणजे एक किलो गुळासाठी साडेचार-पाच किलो पाणी वाफ करून उडवावं लागतं. उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ व्हायला २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. रस उकळीला आणायची उष्णता त्यात धरली तर एका किलो गुळाला साधारण १२ मेगाज्यूल पुरायला हवेत. वाळलेल्या एका किलो चिपाडातून १५-१६ मेगाज्यूल निघतात. म्हणजे काहीच वाया गेलं नाही, तर एका किलो गुळाला एक किलोहूनही कमी चिपाड लागलं असतं. आयआयटीच्या संशोधकांनी मोजलेल्या भट्टीत ते २.३९ किलो लागत होतं.

आता दुसरी बाजू. त्याच १०० किलो उसातून निघालेलं ओलं चिपाड अंगणात पसरून उन्हात वाळवलं की साधारण २० किलो उरतं. साडेदहा किलो गुळाला २.३९ च्या हिशेबानं २५ किलो चिपाड हवं. पाच किलोंची तूट पडते. ही तूट कुठून तरी भरावी लागते. कुणी लाकूड आणतो, कुणी उसाचं पाचट, कुणी शेजारच्या शेतातला काडीकचरा. देशातल्या काही गूळपट्ट्यांत तर जुने टायर आणि प्लास्टिकही जाळल्याच्या तक्रारी झाल्या आहेत, आणि रबराच्या त्या धुराखाली शिजलेला गूळ लोकांच्या घरात जातो. गुऱ्हाळाच्या प्रदूषणाची सुरुवात या पाच किलोंच्या तुटीत आहे. गुऱ्हाळवाल्याला दंड करून ती भरून निघत नाही.

या संशोधकांनी पुढं केलेल्या कामाचं महत्त्व मला सगळ्यात मोठं वाटतं. त्यांनी धुराड्यातल्या वायूत ऑक्सिजन किती उरतो ते मोजलं, आणि त्या आकड्याप्रमाणं चुलवाणात चिपाड टाकण्याचा वेग ठरवला. एवढ्यानंच एका किलो गुळामागचं चिपाड २.३९ किलोवरून १.७३ किलोवर आलं. साडेदहा किलो गुळाला आता १८ किलो चिपाड पुरतं, आणि अंगणात वाळतंय २० किलो. तूट संपली, उलट दोन किलो शिल्लक राहिलं.

हे का घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. वाळलेलं एक किलो चिपाड पूर्ण जळायला साधारण पाच-साडेपाच किलो हवा लागते. गुऱ्हाळाच्या भट्टीला पंखा नसतो. धुराड्यातली गरम हवा वर चढते आणि खालून थंड हवा ओढून घेते. ही ओढ जवळजवळ सारखी असते. जळव्यानं एकदम मोठा भारा आत लोटला, की त्या क्षणी हवा कमी पडते. चिपाड अर्धवट जळतं, कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी होऊन काळा धूर बाहेर पडतो, आणि त्यासोबत जळायची राहिलेली उष्णताही निघून जाते. मग भारा संपतो, जळव्या क्षणभर टेकतो. आता भट्टीत जळायला फारसं काही नाही, पण हवा येतच राहते. ती नुसतीच तापते आणि काहिलीची उष्णता घेऊन शेकडो अंशांवर धुराड्यातून निघून जाते. आधी हवा कमी, मग हवा जास्त, आणि दोन्ही वेळा नुकसान. थोडं थोडं, सारख्या अंतरानं टाकत राहिलं की दोन्ही टळतात. धूर पातळ होतो आणि काहील एकसारखी उकळते. इंधनाची बचत आणि हवेची स्वच्छता या गुऱ्हाळात दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, कारण काळा धूर हे न जळलेलं चिपाडच असतं. यंत्र अभियांत्रिकी आणि पर्यावरण अभियांत्रिकी या विषयांचे विभाग कॉलेजात वेगळ्या इमारतींत असतील, चुलवाणाच्या तोंडाशी त्यांचा प्रश्न एकच आहे.

यावर इतर वाटांनीही काम झालं आहे. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेत काहिलीच्या बुडाला खालून धातूच्या पट्ट्या जोडून पाहिल्या. ज्वाळेला भिडणारं क्षेत्र वाढलं की उष्णता रसात लवकर उतरते. तिथल्या प्रयोगात इंधनाची बचत ३१ टक्क्यांवर गेल्याची नोंद आहे. मुंबईच्याच आयआयटीत २००५ च्या सुमारास वेगळाच विचार झाला. रस आधी गोठवून त्यातलं पाणी बर्फाच्या रूपात काढायचं आणि घट्ट झालेला रसच तेवढा उकळायचा. पाणी गोठवायला लागणारी उष्णतेची अदलाबदल वाफ करण्याच्या मानानं जवळजवळ सातपट कमी असते, त्यामुळं कल्पना पक्क्या पायावर उभी आहे. तिला वीज आणि महाग यंत्रणा लागते, आणि सीमाभागातल्या एका काहिलीच्या गुऱ्हाळाला ती आज झेपणारी नाही. एकाऐवजी ओळीनं तीन-चार काहिली मांडल्या तर पहिलीखालून निसटलेली उष्णता पुढचीत जाते, हेही सिद्ध आहे. त्यासाठी चुलवाण पाडून नवं बांधावं लागतं, शिवाय गुळव्याला एकाच वेळी चार रसांकडं लक्ष ठेवावं लागतं. म्हणून या भागात एकच मोठी काहील टिकून आहे.

या सगळ्या उपायांत जळव्याच्या हाताची लय बदलणं सर्वांत स्वस्त. तरीही ते सर्वांत अवघड आहे, कारण ते विकत घेता येत नाही. चुलवाणाच्या तोंडाशी तासन्‌तास बसणं म्हणजे काय, ते तिथं पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. चेहरा भाजतो, डोळ्यांत पाणी येतं. मोठा भारा लोटून जरा मागं सरकणं हा त्या माणसाचा आराम आहे. थोडं थोडं टाक असं त्याला सांगायचं म्हणजे त्याला तोंडाशीच बसवून ठेवायचं. म्हणून जो अभियंता या प्रश्नाला हात घालेल, त्यानं आधी जळव्याची जागा सुधारली पाहिजे. तोंडासमोर उष्णता अडवणारा पडदा, उतरत्या घसरणीवरून आपोआप आत जाणारं चिपाड, हवेसाठी खालची जाळी. कामाची मजुरी आदणावर, म्हणजे काहिलीत एका वेळी उकळलेल्या रसावर मोजतात, तर वाचलेल्या चिपाडातला वाटा जळव्याला मिळायला हवा. जो माणूस बचत करतो, त्याच्या पदरात ती थोडी तरी पडली पाहिजे.

कर्नाटकात हा धडा पूर्वी गिरवला गेला आहे. १९७४ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डींच्या पुढाकारानं ‘अस्त्र’ हा विभाग सुरू झाला. खेड्याला उपयोगी तंत्र शोधायचं, हे त्याचं काम. त्यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या उंगरा गावात केंद्र उघडलं, आणि तीन भांडी बसतील अशी बिनधुराची चूल तयार केली. अशा लाखो चुली कर्नाटकात बांधल्या गेल्या. ज्या संस्थेत विमानांच्या इंजिनांवर संशोधन चालतं, तिथल्या लोकांनी गावच्या चुलीसमोर बसून काम करण्यात कमीपणा मानला नाही. गुळाचं चुलवाण म्हणजे त्याच चुलीचं थोरलं भावंड.

बेळगावला तर ही परंपरा त्याहून जुनी. गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि पुढं कडबा कापायचं यंत्र बनवायला घेतलं. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची धास्ती होती, आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली. १९१० साली कारखाना औंध संस्थानात हलला आणि तिथल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तोवर शेतकऱ्याचा विश्वास कमावण्याची रीत याच मातीत घडली होती. वस्तू त्याच्या रानात चालवून दाखवायची, आणि तो पुढच्या हंगामात परत येईपर्यंत धीर धरायचा.

आज बेळगावात या कामाला लागणारं सगळं आहे. उद्यमबागेत ओतशाळा आहेत. बिडाची जाळी किंवा चुलवाणाचं तोंड ओतून घेणं तिथं अवघड नाही. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं मुख्यालय मच्छेला आहे, गोगटे इन्स्टिट्यूट १९७९ पासून शहरात आहे, निपाणीत स्वतःचं अभियांत्रिकी कॉलेज आहे. साखरेसाठीची निजलिंगप्पा संस्था बेळगावातच आहे. संकेश्वरला धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र उसावर काम करतं, आणि तिथून तासाभराच्या वाटेवर कोल्हापूरचं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी याहून जवळचा आणि याहून खरा विषय मिळणार नाही.

त्या प्रकल्पाला फार साधनं लागत नाहीत. धुराड्यातला ऑक्सिजन मोजणारं एक उपकरण, तापमानासाठी चार थर्मोकपल, चिपाड आणि गूळ तोलायचा वजनकाटा, आणि हंगामभर गुऱ्हाळावर बसायची तयारी. एक-दोन आदणांवरून निष्कर्ष काढू नये, कारण सुरुवातीच्या ओल्या चिपाडाचा जाळ आणि उन्हाळ्यातल्या वाळलेल्या चिपाडाचा जाळ वेगळा. उसाची जात वेगळी असली की रसही वेगळा. आकडे प्रयोगशाळेच्या वहीत राहू नयेत. जळव्याला बसल्या जागेवरून दिसेल असा एक फलक हवा, ज्यावर ऑक्सिजन वाढला की एक दिवा आणि घटला की दुसरा. गुळव्या बुडबुड्यांच्या आवाजावरून तापमान ओळखतो. जळव्याही धुराच्या रंगावरून हवा ओळखायला एका हंगामात शिकेल, आणि मग त्याला फलकाची गरजही उरणार नाही.

गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत. कारखाना ऊस नेतो, मजूर मिळत नाहीत, गुळाचा दर हंगामागणिक हलतो. जी उरली आहेत, त्यांच्यासाठी एका किलो गुळामागं वाचलेलं ६६० ग्रॅम चिपाड हा टिकून राहण्याचा आधार आहे. त्यानं लाकडाचा खर्च जातो, टायरची सबब जाते आणि गावावरचा काळा धूर कमी होतो. एवढा फायदा एका उपकरणाच्या किमतीत आणि एका माणसाच्या सन्मानात होणार असेल, तर बेळगाव-निपाणीच्या अभियंत्यांनी पुढच्या दसऱ्याची वाट न पाहता जवळचं एखादं गुऱ्हाळ ठरवून ठेवावं, आणि तिथल्या जळव्याला विचारून कामाचा पहिला दिवस पक्का करावा.