तक्त्यावरची चार मुले

आई वाहक, वडील वाहक. खाली चार मुले: एक लाल, दोन पिवळी, एक पांढरे. विदर्भात सिकलसेलवरचे पोस्टर पाहिलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. नागपूरच्या एखाद्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांनी लेखी उत्तराऐवजी इन्फोग्राफिक, म्हणजे चित्र आणि आकडे एकत्र मांडणारा तक्ता करायला सांगितला, तर निम्मे विद्यार्थी हेच चित्र काढून आणतील. चित्र चूक नाही. पण काढणाऱ्याला काय समजले, हे त्यावरून कळत नाही.

‘पहिले मूल सिकलसेलचे झाले, तर पुढच्या तिघांचे काय?’ एवढे विचारून पाहावे. ‘ते सुटले,’ असे उत्तर आले, तर सुंदर रंगवलेल्या तक्त्यामागचा गैरसमज उघडा पडतो. चारपैकी एक ही मुलांची वाटणी नव्हे; प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी २५ टक्के शक्यता नव्याने असते. घरात हाच गैरसमज राहिला, तर दुसऱ्या खेपेला गर्भाची तपासणी टळू शकते.

मग तक्ता वेगळा करून घ्यावा. दोन डबे, एक आईचा, एक वडिलांचा. प्रत्येकात एक लाल आणि एक पांढरा मणी. न बघता दोन्हींतून एकेक मणी काढायचा, नोंद करायची, मणी परत टाकायचे. दोन्ही लाल आले तर मूल रुग्ण, एकच लाल आला तर वाहक. असे चार वेळा केले की एक कुटुंब झाले. वर्गाने मिळून शंभर कुटुंबे चौकटीच्या कागदावर रंगवली की पोस्टरवरचे नीटनेटके कुटुंब त्यात शोधावे लागते. हिशेबाने नेमके एकच मूल रुग्ण असलेली कुटुंबे साधारण ४२ येतात. ३२ घरांत एकही नाही, तर २६ घरांत दोन किंवा अधिक. वर्गाचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, आणि ते का झाले हे तक्त्याखाली दोन ओळींत लिहायला लावावे. गुण खरे तर त्या दोन ओळींना. मोबाइलवर तयार साच्यात चकचकीत तक्ता दहा मिनिटांत होतो. त्याला गुण देण्याचा मोह शिक्षकांनाही होतोच.

जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे. शाळकरी मुलेही त्याच वयोगटात येतात. उद्या ‘वाहक’ असा शिक्का असलेला कागद त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी हातात पडणार आहे.