जुन्या हत्यारांचे वय कसे ओळखावे?

गतवर्षी दिवाळीच्या सुटीत बडोद्याच्या जुन्या बाजारातून मी एक लोखंडी रंधा विकत आणला. तो गंजाने माखलेला होता. घरी येताच काचकागद घेऊन मी तो घासणार, तोच आमच्या वाड्यातील वृद्ध मिस्त्रीकाकांनी माझा हात धरला. "अरे, आधी वाच, मग घास," ते म्हणाले. त्या दोन शब्दांचा अर्थ मला पुढे पुस्तके चाळल्यावर उमगला.

घासलेटाच्या फडक्याने पुसताच पात्याच्या माथ्यावर 'स्टॅन्ले' हे अमेरिकन कंपनीचे नाव उमटले. काचकागदाने ते कायमचे पुसले गेले असते. पाते काढल्यावर, ते ज्या उतरत्या बैठकीवर टेकते तिच्या मागे, रंध्याच्या ओतीव तळावर तीन तारखा दिसल्या: २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१०. "म्हणजे हा रंधा १९०२ सालचा!" मी आनंदाने ओरडलो.

वाचकहो, येथेच बहुतेकांची फसगत होते. या तारखा पेटंटाच्या, म्हणजे नव्या युक्तीवरील हक्क सरकारदरबारी नोंदला गेल्याच्या आहेत. वस्तू घडविल्याच्या नव्हेत. प्रगतिपुस्तकावर शाळेच्या स्थापनेचे वर्ष छापलेले असते, म्हणून ते पुस्तक त्या वर्षीचे ठरत नाही. पेटंटावरून एवढेच सिद्ध होते की, वस्तू त्या तारखेच्या आधीची नाही. तीन तारखांचा तळ सुमारे १९१० ते १९१८ या काळातला असतो.

परंतु पाते दाबून धरणाऱ्या लोखंडी टोपीचे छिद्र घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे होते. स्टॅन्लेने ही घडण १९३३ च्या सुमारास आणली. त्यापूर्वीचे छिद्र कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखे असे. अर्थात टोपी नंतर कोणीतरी बदलली होती! यावरून दुसरा नियम निघतो: प्रत्येक भागाचे वय निरनिराळे तपासावे; एका भागावरून सर्व हत्याराचा निकाल देऊ नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पितळेची टंचाई होती, म्हणून त्या वेळच्या रंध्यांचे पाते खालीवर करण्याचे चाक पितळेऐवजी कडक रबराचे किंवा पोलादाचे आढळते.

करवतीच्या मुठीवरील पितळी बिल्लाही बोलका असतो. फिलाडेल्फियाच्या डिस्टन कारखान्याच्या बिल्ल्यावर 'अँड सन' असे एकवचन असेल, तर ती करवत १८६५ ते १८७१ च्या दरम्यानची. 'अँड सन्स' हे अनेकवचन त्यानंतरचे. मात्र 'वॉरंटेड सुपीरियर' एवढेच लिहिलेला बिल्ला कारखान्याचे नाव सांगत नाही.

पटाशीवर 'कास्ट स्टील' असा ठसा दिसला, तर ती बिडाची आहे असे समजू नये. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळविण्याची रीत प्रचारात आणली. त्या उत्तम पोलादाचे हे नाव. ठशावरून नेमके वर्ष कळत नाही, पण पटाशी जुन्या घडणीची असल्याचा पुरावा मिळतो.

इंग्रजी लाकडी रंध्याच्या पुढच्या टोकावर करणाऱ्याचा ठसा असतो. शेजारी अनेकदा दोन-तीन निराळी नावेही ठोकलेली दिसतात. ती रंधा वापरणाऱ्या सुतारांची. एका हातातून दुसऱ्या हाती हत्यार गेले, त्याची ती वंशावळच होय. त्यांची चरित्रे कोठे लिहिलेली नाहीत. लाकडावरची ही अक्षरेच त्यांचे स्मारक.

म्हणून जुने हत्यार हाती येताच मऊ फडक्याने पुसावे, सैल होतील ते भाग सोडवावे, खुणा कागदावर टिपाव्या आणि मगच गंज काढावा. माझा रंधा आता लाकूड सपाट करतो. त्याच्या पात्यावरील नाव मात्र मी जसेच्या तसे राखले आहे.