सोळा गावकर, पाच जेझुइट
(रुजलेले धर्म : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात इथली, गोव्यात धर्मांतरासाठी केलेल्या पोर्तुगिजांच्या कायद्यांची यादी वाचून एका वाचकाने विचारलं, ‘‘एवढं सगळं सोसूनही ती माणसं पुढे ख्रिस्तीच कशी राहिली?’’ प्रश्न मनापासूनचा आहे. पण तो विचारताना आपण धरून चालतो, की धर्म घरात कसा शिरला हे पणतू-खापरपणतू रोज आठवत बसतात. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीत दोन दिवस राहिलं तरी ही समजूत डळमळते.

आधी घटना. सासष्टी तालुक्यातली देवळं १५६७च्या सुमारास पाडली गेली, पण कुंकळ्ळी आणि शेजारची गावं वाकेनात. सारा देईनात, पाडलेली देवळं पुन्हा उभी करीत. जुलै १५८३मध्ये पाच जेझुइट चर्चसाठी जागा बघायला कुंकळ्ळीत आले. त्यांचा प्रमुख होता रोदोल्फो आक्वाविवा. हा माणूस त्याआधी अकबराच्या दरबारात धर्मचर्चा करत राहिला होता, तिथून जिवंत परतला आणि सासष्टीत येऊन मेला. त्याच्या सोबत्यांपैकी दोघे आधी फौजेबरोबर, देवळं पाडण्याच्या मोहिमेत, गावात येऊन गेले होते. गाव त्यांना विसरलं नव्हतं. पाचही जण मारले गेले, आणि त्यांच्याबरोबर आलेले काही स्थानिक ख्रिस्तीही.

पोर्तुगिजांनी बदला घेतला तो कपटाने. बोलणी करू म्हणून सोळा गावकरांना, म्हणजे गावच्या जुन्या घराण्यांच्या प्रमुखांना, असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापून काढलं. एक जण तेवढा साळ नदीत उडी टाकून निसटला, असं गाव सांगतं. जमिनी जप्त होऊन एका पोर्तुगीज सरदार घराण्याकडे गेल्या. देवी शांतादुर्गा फातर्प्याला हलवली गेली. मागे उरलेल्यांतले बहुतेक पुढे ख्रिस्ती झाले.

आता गंमत पाहा. त्या पाच जेझुइटांना १८९३ साली पोपने ‘धन्य’ घोषित केलं आणि कुंकळ्ळीत त्यांच्या नावाचं कपेल आहे. त्याच कुंकळ्ळीत, त्यांना मारल्याबद्दल मारल्या गेलेल्या गावकरांचंही स्मारक आहे. ते उभं राहावं म्हणून खटपट करणाऱ्यांत ख्रिस्ती गावकर होते. जुलैमध्ये एकीकडे मेणबत्त्या, दुसरीकडे हार. बाहेरच्याला यात विसंगती दिसते. मला मात्र वाटतं की हे गाव फार काटेकोर हिशेब ठेवतंय. बाप्तिस्म्याबद्दल तिथे कुणी कडवटपणे बोलताना मी ऐकलं नाही. असोळण्याचा विश्वासघात आणि गेलेल्या जमिनी, हे दोन विषय निघाले की मात्र आवाज चढतात, साडेचारशे वर्षांनंतरही.

फाल्गुनात देवीची पालखी फातर्प्याहून जुन्या गावात येते तेव्हा बारा वांगडांच्या बारा छत्र्या तिच्याबरोबर चालतात. वांगड म्हणजे गावकरांची कुळी. धर्म बदलला, कुळी तीच राहिली. कुठल्या फर्नांडिसांचा वांगड कोणता, हे जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. आणि हे दिवस बहुधा ‘करेज्मा’चे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे असतात. मी गेलो त्या वर्षी रस्त्याच्या कडेला एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ उभे होते, पांढऱ्या शर्टावर गुलाल, हातात शहाळं. ‘‘पाद्री काही म्हणत नाहीत?’’ मी विचारलं. ‘‘पाद्री बदलून जाता,’’ ते म्हणाले, ‘‘ती गांवची.’’ आणि शहाळ्याकडे वळले.

याला लगेच ‘सलोखा’ म्हणून टाळ्या वाजवू नयेत. वांगड टिकले तशी जातही टिकली. बामण, चारडी, सुदीर हे भेद गोव्याच्या ख्रिस्ती समाजात लग्न जुळवताना आजही डोकं वर काढतात. पूर्वजांचा देव सोडवता आला, जात मात्र कुणाला सोडवता आली नाही, किंवा सोडवायची नव्हती.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा इथेच आहे. मारल्या गेलेल्या त्या पाच जेझुइटांचे मृतदेह ताब्यात घेण्याच्या कामात थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट होता. तोच आपला फादर स्टीफन्स. पुढे त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. सहकाऱ्यांची प्रेतं पाहिलेल्या माणसाने त्याच मुलखातल्या लोकांसाठी ओवी शिकावी, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. पण त्याला एक कळलं होतं: फर्मानाने आलेला धर्म कानात शिरायचा तर तो आजीच्या चालीत म्हणावा लागतो.

इन्क्विझिशनला, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाला, हे कळलं नाही. १७३६ साली त्यांनी जाहीरनामा काढून ख्रिस्ती घरांतल्या रीती मोजून मोजून बंद केल्या. अंगणात तुळस नको, लग्नात ओव्या नकोत, नवरा-नवरीला हळद-तेल लावणं नको, इतकंच काय, भात मिठाशिवाय शिजवून वरून मीठ घेणंही नको! चुलीवरच्या भातावर नजर ठेवणारी ही सत्ता १८१२मध्ये संपली. आणि सासष्टीतल्या ख्रिस्ती घरात लग्नाच्या आदल्या दिवशी आजही ‘रोस’ होतो. पाटावर नवरी, पितळी भांड्यात नारळाचं दूध. मावश्या-आत्या ओंजळीने ते तिच्या दंडांना, गालांना चोळतात, डोक्यावर तेल घालतात. मी पाहिलेल्या रोसाआधी सगळ्यांनी क्रुसाची खूण करून प्रार्थना म्हटली होती. त्या नवरीला यातलं काय कुठून आलं याची फोड करून सांगायला लावणं म्हणजे कढीतून नारळ वेगळा काढायला सांगणं.

पण सगळ्यांचं असंच झालं असं नाही. १९२८ साली विनायक महाराज मसूरकरांच्या शुद्धी चळवळीत गोव्यातल्या गावडा जमातीतले हजारो ख्रिस्ती हिंदू झाले. पूर्वजांवर लादलेलं आम्ही फेडतो, अशीच त्यामागची भाषा होती. परतलेल्यांचं स्वागत झालं, देऊळही मिळालं, पण नाव मिळालं ‘नवहिंदू गावडे’. ख्रिस्ती गावडे वेगळे, हिंदू गावडे वेगळे, आणि हे तिसरे. आजोबा परतले त्याला शंभर वर्षं होत आली, नातवाच्या नावामागचा ‘नव’ अजून गेलेला नाही. त्या वाड्यांवरची गोष्ट पुढच्या आठवड्यात.